विम्याचा साहेब

समाजकार्याच्या एम.ए.ला मी प्रवेश घेतला, त्या दिवशी बाबांनी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर विचारलं, "समाजसेवा लोक फुकट करतात. तू फी भरून काहून करून राहिला?" दुकान स्टीलच्या भांड्यांचं. गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि हसता हसता त्यानं डब्याचा भाव पाडून घेतला. माझ्या उच्च शिक्षणाचा पहिला फटका असा एका डब्याला बसला.

माझ्याकडे उत्तर होतं. दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं, त्याला ही पदवी लागते, पदाला खुर्ची असते आणि खुर्चीच्या वर पंखा असतो. बी.ए.ला मला जे मार्क पडले होते, त्यांत पंख्याखाली बसवणारी दुसरी पदवी मला दिसत नव्हती. गोरगरिबांचा कळवळा प्रवेशाच्या मुलाखतीत विचारतात. तो मी दाखवला आणि तो चांगला दिसला, कारण कॉलेजात मी तीन वर्षं नाटकं केली होती. ही नाटकांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आमच्या अभ्यासक्रमात आठवड्याचे काही दिवस वर्गात आणि दोन दिवस फिल्डवर, म्हणजे कुठल्या तरी संस्थेत, दवाखान्यात किंवा वस्तीत. तिथं प्रत्येकानं अडचणीत सापडलेली माणसं शोधायची, त्यांच्याशी संबंध जोडायचे, मदत करायची आणि सगळं लिहून मॅडमना दाखवायचं. अशा माणसाला आम्ही केस म्हणायचो. सत्र संपायच्या आत ठरलेल्या केसेस भरल्या नाहीत तर मार्क जात. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्या कॅन्टीनमध्ये जे बोलणं चाले ते बाहेरच्या माणसानं ऐकलं असतं तर आम्हाला जोड्यानं मारलं असतं.

"तुले काय भेटलं बे?"

"विधवा. दोन पोरं, वरून सासू छळते."

"मस्त ना. मले दारुडा भेटला, पण तो साला बोलतच नाही."

"माझ्याकडं दारुडे जास्तीचे आहेत, एक घेऊन टाक. बदल्यात मले एखादा अपंग दे."

माझ्याकडे द्यायला-घ्यायला काहीच नव्हतं. माझी नेमणूक होती एका ट्रस्टच्या संस्थेत. डोक्याच्या आजारातून बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या बायका तिथं राहत. पापड लाटत, फाइली चिकटवत, आणि संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसत. केसेसची खाण म्हणावी अशी जागा. पण माझ्या आधीच्या पोट्ट्यांनी ती खाण पार उकरून ठेवली होती. कोणीही माझ्याशी बोलायला तयार नव्हतं. तयार झाली ती एक मावशी, आणि तिनं पहिल्याच दिवशी माझी शिकवणी घेतली.

"आधी माझं नाव विचार," ती म्हणाली. "मग विचार, जेवलात का. मागच्या वर्षीच्या पोरीनं असंच केलं होतं. मग घरचं विचार. तिथं मी थोडी रडतो, तेवढं लिहून घे."

"आणि मग?"

"मग तू म्हणशीन, मावशी, मी तुमच्या घरी जाऊन येतो. सगळे म्हणतात. जात कोणी नाही."

मावशी उमरेडची. नवऱ्यानं टाकल्यावर तिचं डोकं फिरलं, उपचारानं ताळ्यावर आलं, पण तोवर नवऱ्यानं दुसरं केलं होतं. आई तिच्या लग्नाआधीच गेलेली, वडील नंतर. उरला एक भाऊ, खदानीत नोकरीला. आधी तो भेटायला यायचा, मग यायचा थांबला, मग त्याचा फोन लागायचा थांबला. संस्थेचा नियम असा की नातेवाइकानं यावं, सही करावी आणि घेऊन जावं. मावशीचं सगळं आयुष्य त्या एका सहीवर अडलं होतं. तिला दुसरं काही नको होतं. घरी जायचं होतं.

"मी जातो," मी म्हणालो. "तुमच्या भावाची सही घेऊनच येतो."

क्लायंटला वचन कधीही देऊ नये, हे मॅडमनी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. त्या तासाला मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटून घ्यायला खाली गेलो होतो.

मात्र घरभेटीच्या तासाला मी हजर होतो. आधी कळवून जायचं नाही, कळवलं की दाराला कुलूप मिळतं. आणि तिसऱ्या माणसासमोर आपण कुठून आलो हे तोंडातून काढायचं नाही, याला गोपनीयता म्हणतात. या विषयाच्या चाचणीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला होते.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं उमरेडला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. दारात चपलांचा ढीग होता. मी मनातल्या मनात नोंद केली: कुटुंब मोठं, आधार भरपूर. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बाहेर आला. भुवयांवरून कळलं, हाच भाऊ.

"कोण?"

त्याच्या मागं खोलीत खुर्च्यांवर माणसं बसलेली दिसत होती, म्हणून मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आवाज खाली आणला. "नागपूरहून आलो. तुमच्या बहिणीबद्दल."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यानं माझ्या गळ्याकडे पाहिलं. तिथं माझं ओळखपत्र लोंबत होतं, त्यावर आमच्या कॉलेजचं नाव आणि 'समाजकार्य' असं ठसठशीत लिहिलेलं. गोपनीयतेत सगळ्यात जास्त मार्क मिळवणाऱ्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. भावानं ते कार्ड हातानं उलटं केलं आणि माझ्या खिशात घातलं, लहान पोराला रुमाल द्यावा तसं. तेवढ्यात आतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "या ना, या. बाहेर काहून उभे?"

भाऊ वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "विम्याचे साहेब आहेत. नागपूरहून आले."

अशा रीतीनं मी विम्याचा साहेब झालो.

पोरगी पाहायला पाहुणे आले होते. भावाची मुलगी, म्हणजे मावशीची पुतणी, पोहे देऊन नुकतीच आत गेलेली. मला खुर्ची मिळाली, बशी मिळाली. समोरच्या भिंतीवर एका तरुण बाईचा फोटो होता, त्याला चंदनाच्या सालीचा हार. हार घातलेला फोटो दिसला की हात जोडायचे, ही आमच्या घरची शिस्त. मी बशी मांडीवर ठेवून हात जोडले. जोडलेल्या हातांवरून नजर वर गेली तर डाव्या भुवईत एक जुना काप. तो काप मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी समोरासमोर बसून पाहत होतो.

मुलाच्या आईनं माझे जोडलेले हात पाहिले आणि फोटोकडे पाहिलं. "ह्या कोण म्हणायच्या?"

"ननंदबाई आमच्या," भावाची बायको म्हणाली. "वारल्या."

"कशानं वं?"

"काविळीनं," भाऊ म्हणाला.

मग मघाचा म्हातारा, मुलाचा काका, निवृत्त मास्तर, चष्म्यावरून माझ्याकडे वळला. "विमा होता का त्यांचा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडात पोहे होते. नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. ठसका लागल्याचं नाटक केलं असतं तरी भागलं असतं. पण तीन वर्षं नाटकं केलेल्या माणसाला भरलेली बैठक आणि सगळ्यांचे डोळे मिळाले की त्याचं काय होतं, ते त्यालाच ठाऊक.

"होता ना," मी म्हणालो. "क्लेम मीच पास करून दिला."

भावाच्या हातातला पाण्याचा ग्लास तिथंच थांबला.

"त्रास झाला का?" मास्तरांनी विचारलं.

"बाकीच्यांचे कागद अडतात. ह्यांचं एकदम साफ काम. मृत्यूचा दाखला हातात आणि हप्ते वेळेवर." एवढ्यावर थांबावं तर ते मला जमलं नाही. मी फोटोकडे पाहून एक सुस्कारा सोडला. "फार लवकर गेल्या."

भावाची बायको पदर डोळ्याला लावून खरंच रडू लागली. मास्तर एकदम खूष. ते मुलाच्या बापाला म्हणाले, "पाहा, मेलेल्या माणसाचे कागदसुद्धा ज्यांचे जागेवर असतात, त्यांच्या घरची पोरगी डोळे मिटून करावी." त्यानंतर त्यांनी स्वतःच्या पॉलिसीबद्दल माझा सल्ला घेतला. तो मी दिला. काय दिला ते आठवत नाही, देव करो आणि त्यांनी ऐकला नसो. पाहुण्यांनी तिथंच होकार दिला.

भाऊ मला बस स्टँडपर्यंत सोडायला आला. मागं कोणी येत नाही ना, ते त्यानं वळून पाहिलं. मग म्हणाला, "ह्याच्या आधी दोन पाहुणे उठून गेले. आत्या पागल होती हे कोणी तरी त्यांच्या कानात टाकलं. म्हणून तिसऱ्याच्या वेळी फोटो लावला."

"ती आता बरी आहे," मी म्हणालो. "पापड लाटते. हिशोब करते. तुमची वाट पाहून राहिली."

"मालूम आहे मले."

"मग सही?"

"लग्न होऊ दे. लग्न झालं की येतो, सही करतो, घेऊन येतो तिले." त्यानं माझा खांदा दाबला. "तू आज माझी इज्जत राखली गा."

त्यानं पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला. बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझी छाती फुगली होती. आजवरच्या पोट्ट्यांना जे जमलं नव्हतं ते मी एका रविवारात करून आणलं होतं. भाऊ तयार. सही नक्की. तारीख तेवढी बाकी.

मंगळवारी डबा पाहून मावशीनं विचारलं, "कायचे पेढे?"

"तुमच्या पुतणीचं जमलं."

मला वाटलं होतं आनंदाची बातमी आहे, सांगून टाकावी. ती खाली बसली. पुतणीचं नाव तिनंच ठेवलं होतं, पाळण्याजवळ वाकून, कानात. ते नाव तिनं दोनदा घेतलं. मग म्हणाली, "मग मले न्यायले येईन तो."

"येतीन ना. लग्न झालं की."

"लग्न झालं की काहून? आमच्यात हळदीचा पहिला हात आत्याचा लागते."

"गडबड असते मावशी. पाहुणे, जागा..."

"मी काय जागा खातो? एका कोपऱ्यात बसतो."

मी म्हटलं, "पाहतो." आमच्या धंद्यात 'पाहतो' हा शब्द फार कामाचा आहे. तिनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि दुपारपर्यंत सगळ्या संस्थेला कळवलं. बायका तिला चिडवू लागल्या. "काय वं, वऱ्हाडात चालली का? आमाले पत्रिका नाही दिली." एका शुक्रवारी मी गेलो तर अंगणात चार-पाच बायका गाल पिवळे करून ओळीनं बसलेल्या आणि मावशी वाटी घेऊन उभी. हात थरथरू नये म्हणून सराव करून राहिली होती. स्वयंपाकीण दारातून ओरडत होती, हळद संपली, आता वरण पांढरं खा म्हणून. रंगीत तालीम म्हणतात ती हीच. मी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी माझं लिखाण वाचून कौतुक केलं. क्लायंटमध्ये आशा निर्माण झाली, हे वाक्य त्यांना विशेष आवडलं. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि विधवेवाला पोट्टा जळून खाक झाला.

लग्नाच्या आधी भावाचा फोन आला. "तुले यावं लागन. सोयरे विचारून राहिले, ते विम्याचे साहेब येतीन ना म्हणून."

गेलो. संस्थेतून सहीचा कागद घेतला, घडी करून खिशात घातला, वरून जॅकेट चढवलं. कार्यालयाच्या दारातच मास्तरांनी माझा हात धरला तो सोडेचनात. मला घेऊन ते चार लोकांपुढं फिरले. "ह्यांनी मेलेल्या बाईचा क्लेम एका झटक्यात काढला." मी नम्रपणे मान खाली घातली. अक्षता टाकल्या, पंगतीत बसलो, बुंदीचे लाडू मागून घेतले. भावाची बायको वाढायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "काल पहिली हळद फोटोले लावली, साहेब. मन मानेना." हिला मी खरा कोण ते ठाऊक होतं, तरी ती साहेब म्हणाली. सवय झाली असावी. मलाही झाली होती.

हात धुवायच्या नळाजवळ मी भावाला गाठलं आणि कागद काढला. त्यानं तो पाहिला, घेतला नाही. फेट्याखाली त्याला घाम आला होता.

"कसं करू, तूच सांग," तो म्हणाला.

"सही करा. मंगळवारी घेऊन जा."

"नेलं. उद्या व्याही घरी आला. त्यानं विचारलं, ही कोण? काय सांगू?"

"सांगा, बहीण आहे. तेव्हा लपवलं, चूक झाली."

"तेच करणार होतो ना मी." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी नुसतं वारली म्हटलं होतं. पोरीच्या लग्नासाठी बाप खोटं बोलला, पाय धरले असते, माफ केलं असतं त्यांनी. क्लेम कोणं पास केला? दाखला कोणं पाहिला? आता ती जिती निघाली तं व्याही म्हणन, ह्यानं जित्या बहिणीच्या नावावर पैसे खाल्ले. माणूस चोर आहे म्हणन. पोरगी दुसऱ्या दिवशी अंगणात आणून टाकतीन."

"मी मास्तरांना खरं सांगतो."

"काय सांगशीन? मी विम्याचा नाही, पागलखान्यातून आलो?" त्यानं ओला हात धोतराला पुसला. "नको पोरा. तू फार केलं."

लांबून मास्तर आम्हाला हात करत होते, फोटोसाठी. मी गेलो. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी मुलाच्या काकाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, आणि माझ्या जॅकेटच्या खिशातून कागदाचं टोक बाहेर आलेलं आहे. निघताना भावानं लाडवांचा डबा दिला. कोणासाठी ते तो बोलला नाही.

पुढं मी चांगल्या मार्कांनी पास झालो. एका खासगी दवाखान्यात मला नोकरी लागली, खुर्ची मिळाली, वर पंखाही आहे. मुलाखतीत त्यांनी तुमची सगळ्यात अवघड केस सांगा म्हटलं होतं. मी हीच सांगितली, पेढ्यांपर्यंत. मुलाखत घेणाऱ्या बाई आणि साहेब, दोघांचे डोळे पाणावले. आता माझ्याकडे कॉलेजची पोरं-पोरी केस मागायला येतात तेव्हा मी त्यांना वचनाचं ते फळ्यावरचं वाक्य सांगतो आणि ती माझ्याकडे पाहून गोड हसतात, मी हसायचो तशी.

पण त्या सगळ्याच्या आधी तो मंगळवार येतो, लग्नानंतरचा.

मावशी फाटकाजवळच बसली होती, बाजूला कपड्यांचं गाठोडं. तिनं माझ्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मग तिनं डब्याकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं. चांगलं झालं."

"पहिली हळद कोणं लावली?"

रस्ताभर मी खोटं बोलायची तयारी केली होती, पण हा प्रश्न त्या तयारीत नव्हता. एक खरी गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती मला त्या क्षणी फार सुंदर वाटली.

"पहिली हळद तुमच्या फोटोले लावली, मावशी."

तिचा चेहरा उजळला. "माझा फोटो लावला आहे घरात?"

"समोरच. आत गेलं की पहिला तोच दिसते."

"कोणता?"

"ज्यात भुवईवरचा काप दिसते."

"लग्नाआधीचा तो. मोठा केला काय?"

"मोठा."

"काचेत?"

"काचेत. वरून हार," मी म्हणालो.

डब्याची दोरी सोडता सोडता तिची बोटं थांबली. माझीही जीभ थांबली, पण नेहमीसारखी उशिरा.

"फुलाचा का चंदनाचा?"

"चंदनाचा."

"महाग असते तो." ती पुन्हा दोरीला लागली. गाठ घट्ट होती. "कशानं?"

"काविळीनं."

"कावीळ तं आईले झाली होती," ती म्हणाली. "घाईत त्याले दुसरं काही सुचलं नसन."

क्लेमचं मी सांगितलं नाही. गोपनीयता.

गाठ सुटली. तिनं गाठोडं पायानं मागं सरकवलं आणि अंगणात हाक दिली, "या वं सगळ्या. लाडू आले. माझ्या पुतणीच्या लग्नाचेही हेच आन् माझ्या तेरवीचेही हेच, पुन्हा नाही भेटणार."

बायका हसत हसत आल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मावशीनं प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला, माझ्या हातावर दोन ठेवले आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली.